मालकांची एकी, आमचा पाय

दोस्तहो, आधी पायाचं सांगतो. मालकांचं मागून.

रात्रपाळी होती. बोटीतून स्टीलच्या कॉइल उतरत होत्या. एकेक कॉइल दोन-दोन हत्तींच्या वजनाची. ट्रेलरवर ठेवलेल्या एका कॉइलखाली पाचर नीट बसली नव्हती. कॉइल सरकली. फार नाही, वीतभर. त्या वीतभर जागेत आमच्या टोळीतल्या एका पोराचा पाय होता. पोरगा वीस वर्षांचा. बूट त्याने स्वतःच्या पैशाने रस्त्यावरून घेतलेले, पुढे लोखंडी टोपी नसलेले. बुटातून रक्त बाहेर यायच्या आत मुकादमाच्या तोंडातून हुकूम बाहेर आला, "आधी गेटच्या बाहेर काढा त्याला. आत काय झालेलं नाय."

टॅक्सीत घातला. कुठल्याशा खाजगी नर्सिंग होममध्ये नेला. वाटेत मुकादम त्याला पढवत होता, "मोटारसायकलवरून पडलो म्हण." पोराच्या घरात सात पिढ्यांत मोटारसायकल नव्हती. पण कागदावर मोटारसायकल आली. पायाची दोन बोटं गेली. ठेकेदाराने दहा हजार हातावर ठेवले आणि म्हणाला, हिशोब मिटला.

त्या पोराच्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला इ.एस.आय.ची कपात आहे. अकरा महिन्यांच्या अकरा चिठ्ठ्या त्याच्या आईने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्यात. त्या घेऊन मी त्याच्याबरोबर कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाबूने नाव तपासलं आणि म्हणाला, "या नावावर वर्गणीच आलेली नाही." मग कापलेले पैसे गेले कुठे? ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, मी पोटठेकेदार, वरच्याला विचार. वरचा म्हणाला, माझा करार बोटीच्या एजंटाशी, माणसं माझी नव्हेत. एजंटाचा माणूस म्हणाला, आम्ही फक्त कागद करतो. बंदराचा माणूस म्हणाला, जागा आमची, माल आमचा नाही. ज्याच्या पायावर कॉइल आली तोच त्या कॉइलचा मालक, एवढं म्हणायचं फक्त बाकी ठेवलं साल्यांनी.

मी कविता लिहितो. पण हे कवितेत बसेना. टक्केवारी कवितेत बसत नाही, पोटठेकेदाराची साखळी कवितेत बसत नाही. म्हणून हे गद्य.

तर माझा प्रश्न साधा आहे. नफा वाटून घेताना हे पाचही जण एका टेबलावर असतात. बंदराचा दर ठरवायला, मजुरीचा भाव पाडायला, संप मोडायला यांची एकी होते. मग आमच्या औषधपाण्याला यांची एकी का होत नाही? आणि झालीच कधी, तर ती कुणाच्या फायद्याची असते?

या प्रश्नाच्या मागे लागून मी बरंच वाचलं. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी घासून घासून वाचलं. कारण मालकांनी एकत्र येऊन कामगारांच्या आजारपणाचा खर्च सांभाळायचा, हा खेळ जगात सगळ्यात मोठा खेळला जातो तो अमेरिकेत.

तिथे दवाखाना नोकरीला बांधलेला आहे. १९४२ साली युद्धाच्या काळात सरकारने पगारवाढ गोठवली, पण आजारपणाच्या विम्यासारख्या सवलतींना सूट दिली. पगार वाढवता येत नाही तर मालकांनी विमा द्यायला सुरुवात केली. १९५४ च्या करकायद्याने त्यावर पक्कं शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून निम्म्या अमेरिकेचा दवाखाना मालकाच्या खिशात. नोकरी गेली की डॉक्टर गेला. २०२४ साली मालकाकडून मिळणाऱ्या एका कुटुंबाच्या विम्याचा वर्षाचा सरासरी हप्ता २५ हजार डॉलरच्या वर गेला होता. त्यातला मोठा वाटा मालक भरतो, असं म्हणायची रीत आहे. खरं तर तो पैसा कामगाराच्या पगारातूनच आधी बाजूला काढलेला असतो.

हा हप्ता वाढत गेला तशी मालकांना एकीची आठवण झाली. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोकडच्या मोठ्या कंपन्यांनी मिळून एक गट काढला, पॅसिफिक बिझनेस ग्रुप ऑन हेल्थ. विचार सरळ होता. एकेकट्याने गेलो तर इस्पितळ भाव सांगतं, सगळे मिळून गेलो तर आपण भाव सांगू. म्हणजे आपण युनियन करतो तीच गोष्ट. फरक एवढाच, आपण केली तर गुंडगिरी आणि त्यांनी केली तर व्यवस्थापन.

१९९९ साली तिथल्या वैद्यक संस्थेचा अहवाल आला, की इस्पितळांतल्या चुकांमुळे अमेरिकेत वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं मरतात. आजाराने नव्हे, इलाजातल्या चुकीने. त्यानंतर २००० साली मोठ्या मालकांनी लीपफ्रॉग नावाचा गट उभा केला. त्यांनी इस्पितळांना विचारायला सुरुवात केली: औषधाची चिठ्ठी डॉक्टर हाताने लिहितो की संगणकावर? अतिदक्षता विभागात त्या कामाचा शिकलेला डॉक्टर आहे की नाही? अवघड ऑपरेशन तुमच्याकडे वर्षाला किती होतात? २०१२ पासून तर शाळेतल्या पोरांसारखे इस्पितळांना अक्षरांचे शेरे देतात, आणि ते कुणीही बघू शकतं. २०१३ पासून वॉलमार्टसारख्या कंपन्यांनी गुडघ्याच्या, मणक्याच्या ऑपरेशनसाठी निवडक इस्पितळं ठरवली. तिथे गेलेल्या कितीतरी कामगारांना डॉक्टरांनी सांगितलं, तुला कापायची गरजच नाही.

हे चांगलं आहे. चांगल्याला चांगलं म्हणायला माझी जीभ झडत नाही. आपल्या वस्तीत किती बायांची पिशवी गरज नसताना काढली जाते, ते आपल्या आया-मावश्यांना विचारा. इस्पितळाला शेरा देणारा कुणीतरी असावा ही गोष्ट मला पटते. पण शेरा कोण देणार? इथून गोम सुरू होते.

२०१८ च्या जानेवारीत ॲमेझॉन, बर्कशायर हॅथवे आणि जे.पी. मॉर्गन चेस, तिघे महाबली एकत्र आले. तिघांचे मिळून दहा लाखांवर कामगार. त्यांच्या आरोग्यासाठी नवी कंपनी काढतो, म्हणाले. बर्कशायरच्या वॉरन बफेटने औषधपाण्याच्या खर्चाला भुकेल्या पट्टकृमीची उपमा दिली: अमेरिकेच्या धंद्याच्या पोटात बसलेला जंत. बघा, धनिकाची उपमासुद्धा कशी असते. कामगाराचं आजारपण हे त्याच्या पोटातलं दुखणं! त्या दिवशी विमा कंपन्यांचे शेअर घसरले. या कंपनीवर मुख्य म्हणून बसवले डॉ. अतुल गावंडे. मोठा सर्जन, मोठा लेखक, बापाचं गाव आपल्या इकडचंच, उटी. कंपनीचं नाव ठेवलं हेवन, म्हणजे आसरा.

तीन वर्षांत आसरा बसला. मे २०२० मध्ये गावंड्यांनी मुख्य पद सोडलं, २०२१ च्या सुरुवातीला दुकान बंद. तिघा मालकांनी आपापल्या कामगारांसाठी आपापले वेगळे प्रयोग चालूच ठेवले होते. एवढा पैसा, एवढी अक्कल, पण एकी टिकली नाही. कारण त्या एकीत ज्याचं शरीर तो माणूसच नव्हता. होती ती फक्त त्याची बिलं.

त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट ऐका. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या ॲमेझॉनच्या गोदामात करोना शिरला. ख्रिश्चन स्मॉल्स नावाच्या काळ्या कामगाराने साथीदारांना घेऊन काम सोडलं, गोदाम साफ करा म्हणाला. त्याच दिवशी त्याला काढून टाकला. कंपनीने कारण दिलं, की त्याने लांब राहण्याचा नियम मोडला. म्हणजे एका हाताने कामगारांच्या तब्येतीसाठी आसरा काढायचा आणि तब्येतीबद्दल तोंड उघडणाऱ्याला दुसऱ्या हाताने गेटबाहेर फेकायचा. पुढे एप्रिल २०२२ मध्ये त्याच गोदामाने मतदान करून युनियन आणली, हेही लिहून ठेवा. आसरा बंद पडला त्यानंतरच्या वर्षाची ही गोष्ट.

आता मागे जाऊ. कारण अमेरिकेतच याची उलटी गोष्टही आहे, आणि ती गोदीची आहे.

१९३३ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पाण्याचा कालवा खोदत होते. हजारो मजूर. सिडनी गारफिल्ड नावाच्या तरुण डॉक्टरने तिथे बारा खाटांचं इस्पितळ काढलं आणि बुडायला आला. विमा कंपन्या बिलं लटकवायच्या. शेवटी असं ठरलं, की दर मजुरामागे रोज पाच सेंट आगाऊ द्यायचे, आजारी पडो न पडो. मजुराने आणखी पाच सेंट दिले तर कामाबाहेरचं आजारपणही त्यात. एवढ्या एका बदलाने डॉक्टरचं डोकं फिरलं, चांगल्या अर्थाने. आधी मजुराच्या पायात खिळा घुसला की डॉक्टरला पैसे मिळायचे. आता खिळा घुसला की डॉक्टरचं नुकसान! गारफिल्ड स्वतः कामाच्या जागी जाऊन वर आलेले खिळे ठोकून बसवायला लागला.

दोस्तहो, मी ही गोष्ट वाचली तेव्हा मला आमची पाचर आठवली. आमच्या पाचरेकडे बघायला कुठला डॉक्टर येतो? आमच्या पायाने कुणाचंच नुकसान होत नाही. म्हणून पाचर सैल राहते. सगळं अर्थशास्त्र एवढंच आहे.

पुढे हेन्री कैसर नावाच्या ठेकेदाराने ही पद्धत उचलली. युद्धाच्या काळात रिचमंडला त्याच्या जहाजगोद्या होत्या. दक्षिणेकडून हजारो काळे कामगार तिथे आले. १९४२ पासून त्यांना हे इस्पितळ मिळालं. कैसर काही संत नव्हता. धडधाकट माणसं लढाईवर गेली होती, गोदीत येत होती ती आजारी, अर्धपोटी माणसं. ती पडली तर जहाज अडत होतं. गरज होती म्हणून माणुसकी आली. इस्पितळात काळे-गोरे वॉर्ड वेगळे नव्हते. पण युनियनमध्ये होते! बॉयलरमेकर्स नावाची गोऱ्यांची युनियन काळ्यांना बाजूच्या शाखेत घालायची. वर्गणी घ्यायची, मत द्यायचा हक्क नाही. शेवटी जोसेफ जेम्स नावाचा काळा वेल्डर कोर्टात गेला आणि १९४४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा धंदा बेकायदा ठरवला. आपल्यातले जे अजून म्हणतात, की कामगार तेवढा एक, जात मध्ये आणू नका, त्यांनी हे प्रकरण वाचावं. गिरणीच्या साचेखात्यात आपल्या आजोबांना कुणी शिरू दिलं नव्हतं, ते मालकांनी एकट्याने केलं नव्हतं.

युद्ध संपलं. जहाजं थांबली. इस्पितळ ओस पडायला आलं. मग त्याला वाचवलं कुणी? इतरांबरोबर गोदी कामगारांनी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९३४ पर्यंत रोज सकाळी गोदीच्या दारात माणसांचा बाजार भरायचा. मुकादम बोट दाखवेल तो आत, बाकीचे घरी. त्या वर्षी सगळा किनारा बंद पडला. ५ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांच्या गोळीने दोघे मेले. पण बाजार मोडला, भरती युनियनच्या हॉलमधून सुरू झाली. १९४८ साली पुन्हा ९५ दिवसांचा संप. त्यानंतर जहाजवाले, माल उतरवणारे, सगळे मालक एका संघात आले, पॅसिफिक मेरिटाइम असोसिएशन. त्या संघाशी कामगारांनी आरोग्य निधीचा करार केला. पैसा मालकांच्या संघाने भरायचा, पण विश्वस्त निम्मे मालकांचे, निम्मे युनियनचे. १९५० मध्ये हॅरी ब्रिजेसच्या युनियनचे गोदी कामगार कैसरच्या योजनेत आले. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांची सरसकट तपासणी झाली: रक्त, लघवी, रक्तदाब, छातीचा फोटो. आजारी पडायच्या आधी. १९५४ मध्ये त्यांच्या पोरांच्या दातांचीसुद्धा सोय झाली.

गोदी कामगाराच्या पोराचे दात! माझा बाप पंचेचाळिसाव्या वर्षी बोळका झाला.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. २०१८ ची मालकांची एकी वरून आली, तीन वर्षांत विरली. १९५० ची मालकांची एकी खालून करायला लावली, ती पिढ्यान् पिढ्या टिकली. मालक एकत्र येतात ते दोनच कारणांनी. एक, खर्च वाचवायला. दोन, तुम्ही सगळं बंद पाडू शकता म्हणून. पहिल्या एकीत तुम्ही बिल असता. दुसऱ्या एकीत तुम्ही विश्वस्त असता.

आणि कार्ड मिळालं म्हणजे माणूस मिळाला असंही समजू नका. ऑक्टोबर १९६७ मध्ये ब्लॅक पँथरचा ह्यूई न्यूटन पोटात गोळी घेऊन ओकलंडच्या कैसर इस्पितळात गेला. त्याला डॉक्टर हवा होता. दाखल करून घेणाऱ्या नर्सला आधी कागद आणि सही हवी होती. तो त्या योजनेचा रीतसर सभासद होता, तरी. पुढे त्याला खाटेला बेड्या घातलेला तो फोटो जगभर गेला. म्हणून पँथरांनी काय केलं? नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. स्वतःचे फुकट दवाखाने काढले. १९७१ पासून काळ्यांच्या रक्तातल्या सिकलसेलची तपासणी वस्तीवस्तीत सुरू केली. त्यांचं नाव १९७२ साली आपण उचललं. त्यांचे दवाखाने उचलले का? आपल्या नाक्यानाक्यावर शाखेचे बोर्ड आहेत, नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक आहेत. रक्तदाब मोजायचं एक यंत्र किती शाखांत आहे? हा दगड मी आधी स्वतःच्या डोक्यात घातलाय. मग तुमच्याकडे फेकतोय.

आता घरात येऊ. कारण आपलं घर या बाबतीत भिकारी नव्हतं, भिकारी केलं गेलं.

१९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखातं बाबासाहेबांकडे होतं. त्याच काळात १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकरांना कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना करायला नेमलं. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीला योजना सुरू झाली. हीच आपली इ.एस.आय. तिच्यातली गंमत अशी: सगळ्या मालकांनी एकाच निधीत भरायचं. अमुक मालकाचा कामगार, तमुक मालकाचा कामगार हा भेद दवाखान्याच्या दारात संपला. २०१९ पासून मालकाचे सव्वातीन टक्के आणि आपला पाऊण टक्का. म्हणजे अमेरिकेतले मालक जी एकी करायला धडपडतात ती आपल्याकडे कायद्याने कधीच करून ठेवली होती. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, २०२५ च्या नोव्हेंबरात ती लागू झाली. पण मुद्दा तोच. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मुख्य मालकाने भरायची, ही गोष्ट १९४८ च्या कायद्यात लिहिलेली होती. मग आमच्या पोराचा मुख्य मालक कुठे लपला?

गोदीचं तर आणखी ऐका. माझा आजा बोर्डाचा माणूस. डॉक लेबर बोर्ड. तोही १९४८ चाच कायदा. बोटवाले अनेक, माल उतरवणारे अनेक, पण कामगार बोर्डाच्या नोंदीवर. सगळ्या मालकांनी बोर्डाकडे पट्टी भरायची. बोर्डावर सरकार, मालक, कामगार तिघे. आज या बोटीवर, उद्या त्या बोटीवर, कार्ड मात्र एकच. काम नसलं तरी हजेरीचा पैसा. आजा आजारी पडला तेव्हा "तुझा मालक कोण?" हे त्याला कुणी विचारलं नाही. कार्ड दाखवलं, खाट मिळाली. आजा निरक्षर होता. पण ते कार्ड तो बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवायचा. मी लहानपणी विचारलं, "आजा, हे इथं का?" तर म्हणाला, "तिथंच त्याची जागा हाय."

नव्वदीच्या दशकात मुंबईचं बोर्ड बंदरात विलीन झालं. माणसं निवृत्त होत गेली, स्वेच्छानिवृत्ती घेत गेली, नवी भरती थांबली. माल कंटेनरात गेला, कंटेनर पलीकडच्या बंदरात गेले. उरलेल्या कामाला ठेकेदार आले. आजाकडे कार्ड होतं, माझ्याकडे मुकादमाचा मोबाईल नंबर आहे. तीन पिढ्यांची प्रगती एवढी.

तेव्हा नीट समजून घ्या. ठेकेदारी म्हणजे नुसता कमी पगार नव्हे. ठेकेदारी म्हणजे मालकांची हेतुपुरस्सर फूट. आपण जातीत फुटतो, आपलं नुकसान होतं. मालक कागदावर फुटतो, त्याचा फायदा होतो. पाच तुकडे करून ठेवायचे म्हणजे पाय तुटल्यावर एकही तुकडा जबाबदार नाही. नर्सिंग होममध्ये पोराचं ड्रेसिंग करणारा वॉर्डबॉय आमच्याच वस्तीतला निघाला. तोही ठेक्यावर. त्याच्याही चिठ्ठीवर कपात. त्याने मला हळूच विचारलं, "भाऊ, ते वर्गणी आली का नाय ते कुठं बघायचं? माझंपण बघ ना." जखमी ठेक्यावर, पट्टी बांधणारा ठेक्यावर, इस्पितळाचा संडास धुणारी बाई ठेक्यावर. आणि ती बाई कोणत्या जातीची, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आपल्यातले काही डावे दोस्त मला म्हणाले, "मालकांकडे दवाखाना मागणं म्हणजे सुधारणावाद. सरकारकडे मागा, सगळ्यांना फुकट." मीही तेच म्हणतो. सरकारी इस्पितळ मोडकळीला येतं तेव्हा आधी आपली माणसं व्हरांड्यात मरतात. ती लढाई सोडायची नाही. पण तोवर या पोराने काय करायचं? क्रांती होईपर्यंत जखम चिघळत ठेवायची? आणि दुसरं असं, की मालकाने भरायचा पैसा ही भीक नाही. पाय त्याच्या कामावर गेलाय. सरकारी दवाखान्यात त्याचं बिल आपल्या करातून भरलं गेलं तर मालक फुकट सुटतो. त्याची पाचर सैलच राहते.

काही पांढरपेशे मित्र उलट सांगतात, की आता कंपन्यांचे गटविमे आहेत, कार्डं आहेत, ॲप आहेत. असतील. तुमच्या हाफिसात असतील. आमच्या गेटवर कॉइल आहे.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात मांडतो.

एक. गोदीत माल आणणारा, नेणारा, उतरवणारा, साठवणारा, जागा देणारा, प्रत्येकाने टनामागे पट्टी भरायची, आणि ती एका निधीत. ठेकेदार बदलला तरी निधी बदलता कामा नये. हे स्वप्न नव्हे. १९६९ च्या महाराष्ट्राच्या माथाडी कायद्याने बाजारात हेच केलं. व्यापारी शेकडो, बोर्ड एक. मजुरी बोर्डात, वरची पट्टीही बोर्डात. गोणी उचलणाऱ्याला जे मिळालं ते कॉइलवाल्याला का नाही?

दोन. कार्ड माणसाच्या नावावर, ठेकेदाराच्या नव्हे. गेटवर हजेरी लागली त्या क्षणापासून कार्ड जिवंत.

तीन. निधीवर निम्मी माणसं आमची. आमची म्हणजे सफारीतले युनियनचे पुढारी नव्हेत. ठेक्यावरचा कामगार, इस्पितळातला ठेक्यावरचा सफाई कामगार आणि बाई. ज्याचं अंग मोडतं तो टेबलावर पाहिजे.

चार. इस्पितळाला शेरा आम्ही देणार. अमेरिकेतले मालक देतात ना, तसाच. पण आमचे प्रश्न वेगळे असतील. रात्री दोनला गेलो तर डॉक्टर होता का? जखम कशी झाली ते रुग्णाने सांगितलं तेच लिहिलं, की मुकादमाने सांगितलं ते? आडनाव ऐकून आवाज बदलला का? हे सगळं भिंतीवर लावायचं, महिन्याच्या महिन्याला.

पाच. आपल्या प्रत्येक शाखेत रक्तदाबाचं यंत्र आणि एक वही. कुणाची वर्गणी भरली, कुणाची नाही, ते त्या वहीत. हे पाचवं काम कुणाच्या परवानगीने करायचं नाही. या रविवारपासून करायचं.

पहिल्या चार गोष्टी मागून मिळणार नाहीत, हे मला कळतं. अमेरिकेच्या किनाऱ्यावर ९५ दिवस बोटी उभ्या राहिल्या तेव्हा मालकांना आरोग्याचं महत्त्व कळलं. इथे आमची टोळी आज रात्री काम सोडून गेली तर उद्या सकाळी दुसरी टोळी उभी आहे, आणि तीही आपल्यासारख्याच वस्तीतून आलेली. आमच्या टोळीत बौद्ध आहेत, मातंग आहेत, दोघे मुसलमान, बाकी यूपी-बिहारची पोरं. डबे अजून वेगवेगळे उघडतात. मालकांची फूट आपण मोडणार असू तर आधी डब्यांची फूट मोडावी लागेल.

तूर्त एवढं केलंय. पोराने मोटारसायकलवालं खोटं मागे घेतलं. घाबरत घाबरत घेतलं, पण घेतलं. त्याने खरं लिहून दिलंय: रात्रपाळी, गोदी, कॉइल, पाचर, पाय. अर्जाला अकरा चिठ्ठ्या जोडल्यात. खाली साक्षीदार म्हणून टोळीच्या सह्या हव्यात. पहिली सही माझी. सही केली त्या रात्री मुकादमाने माझं नाव हजेरीत पुकारलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. हा अंक निघेपर्यंत काय होईल ते बघू.

टोळीत चौदा माणसं आहेत. सहा सह्या झाल्यात. आठ बाकी आहेत.

जय भीम.